नाझर, गृहपाल आणि शाखा अभियंता एका सभागृहात कधी बसणार?

सरकारी इमारतीत काही जळलं किंवा कोसळलं की आपल्याकडे लगेच दोन फळ्या पडतात. एक फळी म्हणते, दोषींना निलंबित करा, गुन्हे नोंदवा, कुणाची गय करू नका. दुसरी म्हणते, सरकारला इमारती सांभाळायला जमतच नाहीत, मॉल आणि विमानतळ सांभाळणाऱ्या कंपन्यांना देऊन टाका. आठवडाभर वाहिन्यांवर खडाजंगी होते, चौकशी समिती बसते, अहवाल येईपर्यंत विषय शिळा झालेला असतो. या गदारोळात ज्याला सगळ्यात आधी विचारायला हवं त्याला कुणी विचारत नाही. इमारतीच्या चाव्यांचा जुडगा ज्याच्याकडे असतो, कोणत्या मजल्यावरची एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारी कळ) सारखी का पडते हे ज्याला तोंडपाठ असतं, तो माणूस एका फळीच्या लेखी गुन्हेगार आणि दुसरीच्या लेखी निरुपयोगी. माझं मत वेगळं आहे. राज्य सरकारच्या इमारती चालवणाऱ्या माणसांची एक व्यावसायिक संस्था महाराष्ट्रात उभी राहायला हवी आणि सरकारने ती उभी राहू द्यायला हवी. ती नसेल तर निलंबनाने काही सुधारणार नाही आणि खासगीकरणानेही नाही.

व्यावसायिक संस्था म्हणजे पगारवाढीची किंवा बदल्यांची निवेदनं देणारी संघटना मला अभिप्रेत नाही. आपल्या कामाचे मापदंड ठरवणारी, एका ठिकाणी झालेली चूक दुसऱ्या ठिकाणी टळावी म्हणून ती उघडपणे मांडणारी, नवख्याला शिकवणारी अशी ती असावी. अमेरिकेत घटक राज्यांच्या सरकारी इमारती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांची अशी संस्था १९८७ पासून आहे, नॅशनल असोसिएशन ऑफ स्टेट फॅसिलिटीज ॲडमिनिस्ट्रेटर्स या नावाची. विद्यापीठांच्या इमारती आणि आवार सांभाळणारे अधीक्षक तर १९१४ मध्येच एकत्र आले होते. अमेरिकेचं सगळंच आपण उचलावं असं नाही. पण तिथे या कामाला 'काम' मानलं गेलं, त्यातून जाणकार तयार झाले, एवढं तरी पाहण्यासारखं आहे.

आपल्याकडे हे काम करतं कोण? न्यायालयात आणि तहसील कार्यालयात नाझर, म्हणजे कार्यालयाचा पैसा आणि सामान सांभाळणारा कर्मचारी, करतो. समाजकल्याणच्या वसतिगृहात गृहपाल, आश्रमशाळेत अधीक्षक, शासकीय विश्रामगृहात खानसामा आणि त्याच्यावरचा शाखा अभियंता. जिल्हा रुग्णालयात नावापुरते जिल्हा शल्य चिकित्सक, प्रत्यक्षात एखादा कार्यालयीन अधीक्षक आणि हाताशी एक वायरमन, तोही असला तर. भिंती आणि छप्पर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या स्थापत्य शाखेकडे, वायरिंग त्याच खात्याच्या विद्युत शाखेकडे, लिफ्टची तपासणी विद्युत निरीक्षकाकडे, आगीचा दाखला अग्निशमन दलाकडे आणि आतली यंत्रसामग्री वापरणाऱ्या खात्याकडे. यांतला प्रत्येकजण आपापल्या फायलीपुरता बरोबर असतो. पूर्ण इमारत मात्र कुणाच्याच फायलीत नसते. यातली बहुतेक माणसं आपापल्या खात्याच्या बैठकांना जातात. पाण्याची गळती, वीजभार, अग्निशमनाचा पंप या एकाच जातीच्या दुखण्यांशी झगडणारा दुसऱ्या खात्यातला माणूस त्यांना आयुष्यात भेटत नाही.

याची किंमत आपण २०२१ या एका वर्षात किती मोजली ते आठवा. ९ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. सात वाचवता आली. राज्य हादरलं, राज्यभरातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश सुटले, जिल्हा शल्य चिकित्सकांपासून परिचारिकांपर्यंत कारवाई झाली. आणि दहा महिनेही उलटले नव्हते तोच, ६ नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा कोविड अतिदक्षता विभाग पेटला. अकरा रुग्ण दगावले. पुन्हा निलंबन, या वेळी वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना अटकही. परिचारिका रस्त्यावर उतरल्या. वायरिंग काय आम्ही करतो, हा त्यांचा सवाल अगदी रास्त होता. भंडाऱ्यात जे कळलं ते नगरला पोहोचायला कुठली वाट होती? परिपत्रकाची. आणि परिपत्रक वाचून वायरिंगचा भार कसा मोजायचा हे कुणालाही शिकता येत नाही. भंडाऱ्याच्या विद्युत शाखेतला अभियंता, तिथला वायरमन आणि तिथली परिचारिका यांना नगर, बीड, गडचिरोलीत आपल्यासारखंच काम करणाऱ्यांसमोर बसवून, शिक्षेची टांगती तलवार बाजूला ठेवून, "त्या रात्री नेमकं काय झालं, आधी काय काय दिसत होतं" हे सांगायला लावणारी एकही जागा या राज्यात नव्हती. आजही नाही.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयाची पॅनल रूम पाहण्याचा योग आला होता. दार अर्धंच उघडत होतं, कारण आत निर्लेखनाची, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून बाद होण्याची, वाट पाहणाऱ्या खाटा आणि गाद्या रचलेल्या होत्या, थेट पॅनलला टेकवून. अग्निशमनाच्या पंपाचा स्विच 'ऑटो'वर असायला हवा, म्हणजे पाइपातला दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतो; तो 'मॅन्युअल'वर होता. का, म्हणून विचारलं तर सोबतचा वायरमन म्हणाला, "साहेब, लाइनला गळती आहे. ऑटोवर ठेवला की पंप रात्रभर चालू-बंद होत राहतो, मोटार जळते. मागच्या वेळी मोटार जळाली तेव्हा मलाच नोटीस आली." गळतीचं अंदाजपत्रक गेलेलं होतं, मान्यता अडली होती. गाद्यांचं निर्लेखन वेगळ्याच टेबलावर. आता यातला दोषी शोधायचाच तर तो वायरमन पहिल्या तासात सापडेल, पंप त्यानेच मॅन्युअलवर टाकला होता. पण ही अडचण एकट्या त्या रुग्णालयाची असेल असं कोण मानेल? कुठल्या तरी जिल्ह्यात कुणी तरी त्यावर मार्गही काढला असेल. त्याचा पत्ता या वायरमनला कसा लागावा?

कायदा नाही म्हणून हे होतं असंही नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, बोलीभाषेतला फॉर्म बी, द्यावं लागतं. एजन्सी येते, पंप चालवून बघते, सही करते. ती गेल्यावर उरलेल्या दिवसांत पंप कुठल्या स्थितीत असतो याचा जाब प्रमाणपत्र देत नाही. तो फक्त तिथे रोज असणारा माणूस देऊ शकतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालय जळालं, पाच जण गेले, तेव्हाही राज्यात कायद्यांची वानवा नव्हती. ज्या इमारतीतून राज्याचे अग्निसुरक्षेचे आदेश निघतात तिचे वरचे मजले भरदुपारी जळतात, याहून मोठा दाखला कोणता हवा?

आता विरोधातल्या मुद्द्यांकडे येतो. त्यातले काही खरोखरच वजनदार आहेत.

पहिला, पैशाचा. लोक म्हणतात, संमेलनं भरवून गळती थांबत नाही, पैसा द्या. बरोबर आहे. दुरुस्तीचा निधी अपुरा पडतो, मार्चअखेर येतो, कंत्राटदारांची बिलं थकतात आणि त्यासाठी ते आंदोलनं करतात, हे सगळं खरं. देखभालीचा पैसा अर्थसंकल्पातल्या २०५९ या लेखाशीर्षातला, नव्या इमारतींचा ४०५९ मधला. कोनशिला कशावर बसते हे सांगायला नको. पण निधी कमी का पडतो, याचंही उत्तर शोधायला हवं ना? किती हवा हे कुणी ठामपणे सांगतच नाही म्हणून. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने १९९० मध्ये एक साधा ठोकताळा मांडला: सार्वजनिक इमारती आज नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल त्याच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी देखभाल-दुरुस्तीला लागते. त्याच सुमाराला विद्यापीठांच्या इमारती सांभाळणाऱ्यांच्या वर्तुळातून आणखी एक माप रूढ झालं. रखडलेल्या दुरुस्त्यांच्या खर्चाला इमारतीच्या पुनर्बांधणीच्या खर्चाने भागायचं. आकडा जितका मोठा तितकी इमारत खंगलेली. गणित सहावीतल्या मुलाला जमेल असं. पण हे माप हातात असलेला अधिकारी विधिमंडळासमोर "साहेब, निधी कमी पडतोय" असं रडगाणं गात नाही. तो म्हणतो, या चाळीस इमारतींपैकी या सहा पुढच्या पाच वर्षांत हातच्या जातील, हा हिशेब. आपल्याकडे एखाद्या जिल्हा रुग्णालयाचा असा आकडा कुणाकडे आहे? साखर कारखान्याला उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचं प्रमाण, असतो, बसला किलोमीटरमागे डिझेल असतं. सरकारी इमारतीला फक्त वय असतं, आणि तेही ती पडल्यावर विचारलं जातं. पैसा आधी की मापं आधी, हा वाद घालणाऱ्यांना म्हणून सांगतो, मापांशिवाय मागितलेल्या पैशाला भीक म्हणतात आणि अर्थखातं तिला तसंच वागवतं.

साखर कारखान्यांचा उल्लेख सहज केला नाही. पुण्यात डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन १९३६ पासून आहे. सहकारी साखर कारखानदारीच्याही आधीपासून. पुढे कारखाने राजकारणाचे आखाडे झाले, दोन शेजारच्या कारखान्यांचे अध्यक्ष एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले. पण त्यांचे चीफ केमिस्ट आणि चीफ इंजिनिअर वार्षिक अधिवेशनात एकाच रांगेत बसून बाष्पाची बचत आणि उतारा यांवरचे निबंध ऐकत राहिले. हे आपल्याच मातीतलं उदाहरण आहे, अमेरिकेचं नाही. अध्यक्ष बदलतात, संचालक मंडळं बरखास्त होतात, प्रशासक येतात. ज्ञान टिकतं ते तंत्रज्ञांच्या या आडव्या धाग्यामुळे. सरकारी इमारतींना हा आडवा धागाच नाही. सगळे धागे उभे: शिपायापासून सचिवापर्यंत, आणि प्रत्येक खात्याचा वेगळा.

दुसरा आक्षेप: आधीच संघटनांचा सुकाळ आहे. राजपत्रित अधिकाऱ्यांची, अभियंत्यांची, लिपिकांची, परिचारिकांची, चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांची. त्यात आणखी एक कशाला? आणि तीही चार वर्षांत बदल्यांची दलाली करायला लागणार नाही कशावरून? या भीतीला मी हसत नाही. महाराष्ट्रात अनेक संघटनांचं असं झालेलं आपण पाहिलं आहे. पण या सगळ्या संघटना संवर्गाच्या आहेत हे लक्षात घ्या. अभियंत्यांच्या संघटनेत नाझराला जागा नाही, परिचारिकांच्या संघटनेत शाखा अभियंता जाणार नाही. संवर्गाची संघटना संवर्गाचंच हित बघणार, तिचं कामच ते. इमारतीभोवती बांधलेली संस्था सगळ्या संवर्गांची मिसळ असेल, त्यामुळे तिला एका बढतीच्या यादीसाठी भांडता येणारच नाही. प्रत्येकाची ज्येष्ठतायादी वेगळी! हा गुण तिच्या रचनेतच आहे. शिवाय संस्थेच्या घटनेत एक कलम घालून सेवाविषयक मागण्यांना मज्जाव करता येईल.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. अशा संस्थांची अधिवेशनं चालतात कुणाच्या पैशावर? लिफ्ट कंपन्या, वातानुकूलन यंत्रांच्या कंपन्या, वॉटरप्रूफिंगवाले, अग्निशमन साहित्याचे विक्रेते. बाहेर स्टॉल, आत व्याख्यान, रात्री मेजवानी. अमेरिकेतल्या व्यावसायिक संस्थाही प्रायोजकांपासून मुक्त नाहीत. आपल्याकडे तर निविदेच्या अटी लिहिणारा आणि निविदा भरणारा एकाच टेबलावर जेवला की काय होतं, हे कुणाला सांगायला हवं? पण हेही विचारा: ते आज जेवत नाहीत का? आज ते एकेकटे भेटतात, बंद दाराआड. शाखा अभियंत्याला एखाद्या रसायनाच्या लेपाबद्दल जी काही माहिती असते ती बहुतेक विकायला आलेल्या माणसानेच दिलेली असते, कारण तो लेप सोलापूरच्या तहसील कार्यालयावर दोन पावसाळेही टिकला की नाही हे विचारायला त्याच्याकडे दुसरं कुणी नाही. कंपनीचा दावा पडताळायचा असेल तर एकच उपाय: तीच वस्तू वापरलेले पन्नास जण एकत्र बसवणं. प्रायोजकांवर बंदी घाला, वर्गणी घ्या, सभागृह यशदासारख्या सरकारी प्रशिक्षण संस्थेचं वापरा, मेजवानीऐवजी पिठलं-भाकरी द्या. खर्च भागेल.

खासगीकरणवाल्यांना एवढंच सांगणं आहे की कंपनीला काम द्यायचं झालं तरी करार लिहिणारा, काम तपासणारा आणि बिलावर सही करणारा सरकारचाच माणूस असणार. त्याला स्वतःला इमारत कळत नसेल तर कंपनी त्याला काय वाटेल ते दाखवेल. मॉलचा मालक दर महिन्याला हिशेब विचारतो म्हणून तिथली कंपनी नीट चालते. सरकारी इमारतीत मालकाच्या खुर्चीवर बसायचं कुणी?

चौथा मुद्दा नियमांचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ सरकारी कर्मचाऱ्याला सरकारवर जाहीर टीका करू देत नाहीत. मग आपल्या इमारतीतला पंप बंद आहे हे तो व्यासपीठावरून सांगणार कसं? इथे सरकारने मन मोठं करायला हवं आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला, पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला आणि १९२३ मध्ये देशभराचा. बॉयलरवर परीक्षा देऊन दाखला मिळवलेलाच माणूस उभा राहील, ही पद्धत त्यातून रुजली. तिकडे अमेरिकेत १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन इथे बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटून ५८ माणसं मेली. त्यानंतर बॉयलरची संहिता लिहिली ती यांत्रिकी अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थेने, आणि राज्यांनी तिलाच कायद्याचं बळ दिलं. बॉयलर कसा फुटला हे सांगणं म्हणजे मालकाची बदनामी, असं मानलं असतं तर आजही बॉयलर फुटत राहिले असते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये आला तेव्हाही मोठ्या वीजग्राहकांना परीक्षा उत्तीर्ण झालेला ऊर्जा व्यवस्थापक नेमणं बंधनकारक झालं. वीज वाचवण्यासाठी दाखला लागतो, मग शंभर खाटांचं रुग्णालय पेटू नये म्हणून का लागू नये?

इथे गोव्याकडे नजर टाकावीशी वाटते. पणजीची कला अकादमी वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलेली, मराठी-कोकणी रंगभूमीचं हक्काचं घर. १७ जुलै २०२३ रोजी, नूतनीकरणाचं काम चालू असताना, तिच्या खुल्या रंगमंचाच्या छताचा भाग कोसळला. पुढचा सगळा वाद कंत्राट कुणाला, कसं दिलं यावर झाला. तो व्हायलाच हवा होता. पण मला दुसराच प्रश्न पडला होता. ज्यांनी ती वास्तू वर्षानुवर्षं रोज चालवली, पावसाळ्यात कुठे पाणी मुरतं, कुठला स्लॅब केव्हापासून घाम धरतो हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या नोंदी नूतनीकरणाच्या टेबलावर होत्या का? अशा नोंदी ठेवायला त्यांना कुणी कधी सांगितलं होतं का?

जुन्या इमारती मजबूत होत्या, आताच्या पोकळ, असं आपण सहज बोलून जातो. मुंबईत १८७४ मध्ये पूर्ण झालेलं जुनं सचिवालय आज न्यायालय म्हणून वापरात आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावरचं, १९९० च्या दशकातलं मनोरा आमदार निवास तीस वर्षंही न काढता पाडावं लागलं. यात दगड आणि सिमेंटचा फरक आहेच. समुद्राची खारी हवा लोखंडाला खाते, दगडाला तितकं नाही. पण म्हणूनच आरसीसीच्या, म्हणजे पोटात लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटच्या, इमारतीला जास्त लक्ष लागतं. डलहौसीच्या काळात, १८५४ मध्ये, सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं ते बांधण्यासाठी. बांधणं हाच त्याचा मान राहिला. आजही त्या खात्यात पुलाच्या कामावर नेमणूक झाली तर पेढे वाटले जातात आणि इमारत देखभालीच्या उपविभागात झाली तर सहानुभूती मिळते. ही मानसिकता शासन निर्णयाने बदलत नाही. समव्यावसायिकांत मान मिळायला लागला की बदलते. बीडच्या कुठल्याशा उपअभियंत्याने गळकी पाइपलाइन न बदलता पंप ऑटोवर ठेवायची जोडणी बसवली आणि दोनशे जणांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तर पुढच्या वर्षी त्या उपविभागात जायला माणसं तयार होतील.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. एक पानी शासन निर्णय पुरेसा आहे: प्रत्येक महसुली विभागातून बांधकाम खात्याच्या स्थापत्य आणि विद्युत शाखेचे काही उपअभियंते, जिल्हा रुग्णालयांचे आणि वसतिगृहांचे प्रतिनिधी, न्यायालयांचे नाझर आणि विद्युत निरीक्षक कार्यालयातला एकजण यांनी वर्षातून दोनदा, फॉर्म बी भरण्याच्या आधी, म्हणजे डिसेंबर आणि जूनमध्ये, एकत्र बसावं. तिथे सांगितलेल्या त्रुटींवरून सांगणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, ही हमी त्यात लेखी असावी. वायरमनलाही बोलवावं. आणि या दोन दिवसांची हजेरी कर्तव्यकाळ धरून प्रवासभत्ता मंजूर करावा, नाही तर अर्धे जण किरकोळ रजा टाकून येतील आणि उरलेले येणारच नाहीत.